वाख, काच आणि ओल

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला पाऊस थोडा पुरतो, ओल मात्र जपलेली लागते. हस्ताच्या आगेमागे पेरलेली मालदांडी पुढे थंडीभर पावसाचा थेंब न पाहता, काळ्या रानाने पावसाळ्यात पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर कणसापर्यंत येते. २०१६ मध्ये या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या जमिनीचा वाटा मोठा. त्याच ज्वारीत मधूनमधून अंबाडीचे तास असायचे, बांधावर घायपात असायचे. अंबाडीचा पाला भाजीला जाई, धाटे ओढ्याच्या डोहात कुजवून वाख निघे आणि त्या वाखाची दावी, कासरे, चऱ्हाटे, मोटेचा नाडा असे सगळे वळले जाई. नायलॉनची दोरी आली आणि ते काम बसले. ज्यांच्या हातात ते होते त्या घरांचा रोजगारही त्याबरोबर गेला.

गेली तीस-चाळीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत हाच वाख वेगळ्या कामासाठी पुन्हा हाताळला जातो आहे. प्लास्टिकच्या रेझिनमध्ये तो बसवायचा आणि त्याचे दरवाजे, पत्रे, फळ्या, मोटारींच्या दारांचे आतले भाग बनवायचे. काचतंतूपेक्षा तो हलका असतो, कापताना हत्यारे झिजवत नाही, अंगाला खाज आणत नाही आणि मुख्य म्हणजे शेतात उगवतो. जर्मन मोटारधंद्याने १९९० च्या दशकात अळशी, घायपाताच्या कुळातले सिसल, ताग यांच्या तंतूंचे दारांचे आतले पत्रे वापरायला सुरुवात केली, ती आजही चालू आहे. तरी घराबाहेर, पावसात, न्हाणीघरात हे साहित्य अजून बिचकतच येते. अडचण एकच सांगितली जाते : ते पाणी पिते.

ही तक्रार खरी आहे, पण अर्धी. पाणी काचतंतूचे कंपोझिट, म्हणजे तंतू आणि रेझिन यांचे जोडसाहित्य, तेही पिते, विमानाच्या पंखातले कार्बनतंतूचेही पिते. नेमके किती पिते, किती वेगाने, कुठल्या वाटेने, आणि वाळल्यावर वस्तू पूर्वपदावर येते का, असे हे चार वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र कालवल्यामुळे वाखाची बदनामी झाली आणि काचेला नको तेवढे अभय मिळाले. माझे मत आधीच सांगतो. ओलीचा दोष आपण तंतूच्या माथी मारतो, पण बहुतेक ठिकाणी घात होतो तो तंतू आणि रेझिन यांच्या सांध्यात आणि कापून उघड्या सोडलेल्या कडेत.

न्हाणीघराला लावतात तो ‘फायबरचा दरवाजा’ घ्या. साच्यावर आधी जेल कोट या वरच्या लेपाचा हात, त्यावर काचतंतूंची चटई, म्हणजे कारागीर म्हणतात ती मॅट, मग हार्डनर मिसळलेले पॉलिएस्टर रेझिन ओतून रोलरने दाबत एकेक थर. रेझिन आवळले की वस्तू तयार. भार तंतू घेतात, रेझिन त्यांना जागेवर धरते आणि भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोचवते. ही पोचवणी ज्या जागी होते ती जागा म्हणजे तंतूचा पृष्ठभाग, रेझिन त्याला जिथे चिकटलेले असते तो सांधा. एका मनगटाएवढ्या तुकड्यात असे लाखो सांधे असतात, म्हणून सांध्याची तब्येत हीच वस्तूची तब्येत.

पाणी आत शिरते ते तीन वाटांनी. पहिली वाट रेझिनमधूनच. रेझिनचे रेणू कितीही गच्च बांधलेले असले तरी त्यांच्यात पाण्याच्या रेणूला सरकण्याइतकी जागा असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाचा, म्हणजे रेणू दाटीकडून विरळ जागेकडे सरकण्याचा, जो नियम मांडला तोच इथे लागू पडतो. दुसरी वाट भेगांची आणि हवेच्या बुडबुड्यांची. तिसरी वाट सांध्याची. तंतू आणि रेझिन नीट चिकटले नसतील तर त्यांच्यामधली केसाएवढी फट पाणी ओढून घेते, आणि तंतूची टोके कडेला उघडी असतील तर आत पोचायला वेळ लागत नाही. वनस्पतीच्या तंतूत आणखी एक वाट निसर्गानेच ठेवलेली असते. त्याच्या पेशी मधून पोकळ असतात.

पहिल्या वाटेचा हिशेब सर्वांत चांगला मांडला गेला आहे. १९७६ मध्ये शेन आणि स्प्रिंगर या संशोधकांनी कार्बन-इपॉक्सी कंपोझिटवर केलेले काम आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्याचे सार असे : सुरुवातीला वजनवाढ वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, मग मंदावते आणि एका पातळीवर थांबते. ती पातळी मुख्यतः हवेतल्या आर्द्रतेवर ठरते, तिथवर पोचायचा वेग तापमानावर. तापमान दहा-पंधरा अंशांनी वाढले तर वेग साधारण दुप्पट होतो. आणि पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ चौपट.

हे आकड्यांत पाहिले तर एक मोठी फसगत उघडी पडते. चांगल्या इपॉक्सीत नेहमीच्या तापमानाला पाण्याचा विसरणांक सेकंदाला १०⁻¹³ चौरस मीटरच्या घरात असतो. तो धरून २ मिलिमीटर जाडीचा पत्रा पाण्यात बुडवला तर तो जवळजवळ पूर्ण भिजायला दहा महिने लागतात. ४ मिलिमीटरला तीन वर्षांहून अधिक. आता बाजारातल्या बहुतेक माहितीपत्रकांवर पाणी शोषण्याचा जो आकडा छापतात तो २४ तासांच्या चाचणीचा असतो. वरच्या २ मिलिमीटरच्या पत्र्यात २४ तासांत अंतिम पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा शिरलेला असतो. ताग-पॉलिएस्टरमध्ये विसरण दहापट वेगाने होते असे धरले तर त्याच वेळात तिसरा हिस्सा. म्हणजे २४ तासांची चाचणी सांगते ती वेगाची गोष्ट, शेवटी किती पाणी शिरणार याची नव्हे. दोन वेगळ्या जाडीच्या वस्तूंचे असे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे तर निव्वळ चूक आहे, आणि आपल्याकडे ती सर्रास होते.

आता अंतिम पाण्याचे आकडे. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ घेतच नाही, अगदी ०.१ टक्क्याच्या आत. पॉलिएस्टर रेझिन साधारण अर्धा ते एक टक्का, इपॉक्सी एक टक्क्यापासून पाच-सहा टक्क्यांपर्यंत, जसे रसायन तसे. नायलॉन-६ पाण्यात बुडवून ठेवले तर नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी घेते. प्लास्टिक म्हणजे पाण्याला दाद न देणारे, हा समज इथेच मोडतो. तंतूंत काच शून्य आणि कार्बन जवळजवळ शून्य. बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात तो अॅरामिड मात्र हवेतूनच चार टक्क्यांच्या आसपास ओल घेतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस साधारण आठ टक्के आणि ताग तेरा-चौदा टक्के पाणी धरून बसतो. ही झाली नुसत्या हवेतली ओल, पाण्यात बुडवल्यावरचा आकडा याच्या कितीतरी पुढे जातो.

काच पाणी घेत नाही, तर मग काचतंतूच्या कंपोझिटला चिंता कसली, असे वाटेल. इतिहास वेगळे सांगतो. १९४० च्या दशकात काच-पॉलिएस्टरच्या होड्या आणि विमानांच्या रडारवरची कवचे बनू लागली तेव्हा दमट हवेत त्यांची ताकद झपाट्याने उतरत असल्याचे लक्षात आले. काच शाबूत होती, रेझिन शाबूत होते. काचेच्या पृष्ठभागाला पाणी अधिक प्रिय असल्याने ते सांध्यात शिरून रेझिनला बाजूला सारत होते. त्यावर उपाय निघाला तो सिलेनचा. या रेणूचे एक टोक काचेशी रासायनिक बंध करते, दुसरे रेझिनशी. डाऊ कॉर्निंगमधले एडविन प्लुडमन यांनी या विषयाला आयुष्य दिले. आज बाजारात मिळणाऱ्या काचतंतूवर कारखान्यातच हे लेपन केलेले असते, म्हणून आपल्याला त्याची आठवणही राहिलेली नाही. पण काचतंतू आज ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिरवतो तो काचेच्या अंगच्या गुणामुळे कमी आणि सांध्यावर घेतलेल्या काही दशकांच्या कष्टांमुळे जास्त. वाखाला तेवढे कष्ट अजून मिळालेले नाहीत.

सिलेननंतरही काचेचे कंपोझिट पाण्यापासून सुटलेले नाही. होड्यांच्या बुडाला फोड येतात. पाणी जेल कोटमधून आत जाते, न जोडल्या गेलेल्या रसायनांना विरघळवते, आणि त्या घट्ट द्रावणाकडे आणखी पाणी ओढले जाऊन दाब तयार होतो. स्वस्त जनरल पर्पज रेझिनऐवजी आयसोप्थॅलिक रेझिन वापरले तर हे बरेच टळते. सांडपाण्याच्या नळांत जिवाणूंमुळे गंधकाचे आम्ल तयार होते. ते नेहमीच्या ई-काचेतले क्षार काढून घेते आणि ताणाखालचा तंतू तडकतो. म्हणून अशा नळांच्या आतल्या बाजूला रेझिनचा जाड थर ठेवतात आणि आम्लाला टिकणारी वेगळी काच वापरतात. गोठ्यावर घातलेला पारदर्शक फायबरचा पत्रा पाच-सात वर्षांत पांढरट होतो, हात फिरवला की बारीक कुसळे टोचतात. उन्हाने वरचे रेझिन झडलेले असते आणि काच उघडी पडलेली असते. पुढच्या पावसात पाणी त्या उघड्या टोकांतून थेट आत जाते. तालुक्यात शेकडो छपरांवर हे दृश्य आहे.

कार्बन-इपॉक्सीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे पाणी फार तर टक्का-दीड टक्का शिरते. पण इपॉक्सीत एक टक्का पाणी गेले की ज्या तापमानाला ते मऊ पडू लागते ते तापमान साधारण वीस अंशांनी खाली येते. म्हणून विमानाचे भाग कोरड्या ताकदीवर आखत नाहीत, गरम आणि ओल्या अवस्थेतल्या ताकदीवर आखतात. ज्याच्या वजनाचा मोठा हिस्सा कार्बन कंपोझिटचा आहे ते आपले तेजस विमानही याला अपवाद नाही. मंगळवेढ्याला लागून असलेल्या जत तालुक्यात पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्यांची पाती मुख्यतः काचतंतूची. आतल्या गाभ्यात मात्र फोमबरोबर बाल्सा नावाचे हलके लाकूड अनेकदा असते. पात्याच्या पुढच्या धारेवर पावसाचे थेंब वर्षानुवर्षे आदळून वरचा लेप उडाला आणि पाणी बाल्सापर्यंत पोचले, तर दुरुस्ती महागात जाते. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर, कोयनेच्या पावसात उभ्या असलेल्या पात्यांना जतच्या पात्यांपेक्षा हा मार अधिक सोसावा लागतो.

आता वाखाकडे येऊ. घायपात, अंबाडी, ताग, केळीचा सोपट, काथ्या हे सगळे तंतू सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन आणि पेक्टिन यांचे बनलेले. सेल्युलोजचा जो भाग स्फटिकात बांधला गेला आहे तिथे पाण्याला जागा नसते. सगळ्यात जास्त पाणी धरते ते हेमिसेल्युलोज, लिग्निन त्या मानाने पाण्यापासून दूर राहते. पाणी शिरले की तंतू फुगतो, पण सगळीकडून सारखा नाही. ताग पाण्यात टाकला तर त्याची जाडी साधारण पाचव्या हिश्शाने वाढते, लांबी मात्र अर्धा टक्काही वाढत नाही. सुंभाने विणलेली बाज पावसात राहिली की ताठ होते, भिजलेल्या दाव्याची गाठ सुटता सुटत नाही, त्याचे कारण हेच. धागा जाड झाला की पिळातली दोरी आखडते. शेतकऱ्याला हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

दोरीत फुगायला जागा आहे. रेझिनमध्ये नाही. आपल्या काळ्या मातीचे जे होते तेच इथे होते. भिजली की ती फुगून पाया वर रेटते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दर वर्षीच्या या चढउताराने भिंत तडकते. रेझिनमधला तंतू फुगताना भोवतालच्या रेझिनला दाबतो, वाळताना आक्रसून त्याच्यापासून सुटतो. पहिल्या पावसाळ्यात पडलेली सूक्ष्म फट दुसऱ्या पावसाळ्यात पाण्याची वाट होते. ताकद कमी होण्याचे मूळ बहुतेक इथे आहे.

तंतू स्वतः भिजून कुचकामी होतो का? वनस्पतीचे सगळे तंतू इथे सारखे वागत नाहीत, पण कापूस ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक ताण सोसतो, हे कापडधंद्यात सर्वांना माहीत आहे. मोटेचा नाडा आयुष्यभर विहिरीत भिजतच होता. म्हणून ताग किंवा घायपाताच्या कंपोझिटची ताकद भिजल्यावर तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त उतरल्याचे अहवाल वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो सांधा कसा केला होता याचा. बहुतेक अहवालांत उत्तर सापडते : तंतू जसाच्या तसा, न वाळवता, न धुता रेझिनमध्ये बुडवलेला.

या क्षेत्रातल्या कामाचा पसारा मोठा आहे, आणि भारताचा त्यात वाटा सुरुवातीपासून आहे. कापसाच्या गाळात फिनॉलिक रेझिन घालून पूर्व जर्मनीत १९५७ पासून ट्राबांट मोटारीचे बाह्यांग बनत होते, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेने भारत सरकारबरोबर ताग-पॉलिएस्टरचे प्रकल्प केले, ती मात्र फारशी कुणाला आठवत नाही. तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काथ्या आणि सिसल, कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठात साबू थॉमस आणि सहकाऱ्यांचे सिसल व अननसाच्या तंतूंवरचे काम, भोपाळच्या ‘अॅम्प्री’ या प्रयोगशाळेत सिसलची लागवड ते वस्तू अशी पूर्ण साखळी, मुंबईत माटुंग्याच्या ‘सिरकॉट’ या कापूस संशोधन संस्थेत कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड. या सगळ्यांच्या कामातून काही गोष्टी आता वादातीत झाल्या आहेत.

तंतूंचे प्रमाण वाढवले की पाणी वाढते, आणि एका मर्यादेनंतर ते उडी मारून वाढते. तोवर रेझिनने वेगळे ठेवलेले तंतू त्या प्रमाणाला एकमेकांना टेकू लागतात आणि पाण्याला कडेपासून मध्यापर्यंत सलग वाट मिळते. पोर्टस्मथ विद्यापीठाच्या धाकल, झांग आणि रिचर्डसन यांनी २००७ मध्ये हेम्प-पॉलिएस्टरवर दाखवले की नेहमीच्या तापमानाला पाण्याचे शिरणे फिकच्या नियमाला धरून असते, पण उकळत्या पाण्यात ते नियम सोडते, कारण तोवर भेगा पडलेल्या असतात. म्हणून उकळून घाईने केलेल्या चाचणीवरून वीस वर्षांचे भाकीत करणे वाखाच्या बाबतीत धोक्याचे आहे. काही अभ्यासांत थोडी ओल शिरल्यावर ताकद किंचित वाढलेलीही दिसते. फुगलेला तंतू रेझिनमध्ये घट्ट बसतो आणि आवळताना राहिलेला ताण सैल होतो. याला फार महत्त्व देऊ नये, तो फायदा वाळेपर्यंतचाच.

उपायांत सर्वांत जुना आणि स्वस्त कॉस्टिक सोड्याचा. इंग्लंडमध्ये जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये कापडासाठी त्याचे पेटंट घेतले, त्यावरून त्याला मर्सरायझेशन म्हणतात. सोड्याच्या साधारण पाच टक्क्यांच्या द्रावणात तंतू काही तास ठेवला की वरचा मेणचट थर आणि बरेचसे हेमिसेल्युलोज निघून जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो, रेझिन धरते. द्रावण जास्त तिखट झाले किंवा वेळ जास्त गेला तर तंतूच कमकुवत होतो. अॅसिटिलेशनने पाणी धरणारे गट झाकले जातात. सिलेन इथेही चालते, काचेइतके नेमके नाही. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तंतू घालायचा असेल तर मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेले थोडे पॉलिप्रॉपिलीन मिसळतात. माझ्या मते मोठ्या उत्पादनात सर्वांत खात्रीचा मार्ग तोच, कारण त्यात रेझिन स्वतः पाणी घेत नाही आणि सांधाही रासायनिक होतो. मोटारींच्या दारांत वाख टिकला तो पुष्कळसा यामुळे. आणखी एक मार्ग मिश्र थरांचा : बाहेर काचतंतूचे थर, आत वाखाचे. भार आणि पाऊस दोन्ही बाहेरच्या कातडीवर येतात, वजन आणि खर्च आतला वाख कमी करतो.

सोड्याबाबत एक गोष्ट प्रयोगशाळेतले लेख सांगत नाहीत, ती मंगळवेढ्यात सांगावी लागते. तंतू सोड्यात बुडवल्यावर तो धुवायला भरपूर स्वच्छ पाणी लागते, आणि धुतलेले क्षारयुक्त पाणी कुठेतरी सोडावे लागते. तालुक्याच्या दक्षिण भागातली गावे उपसा सिंचनाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडत आली. तिथे पाण्याने धुण्यावर उभा राहणारा उद्योग नेण्याआधी दहादा विचार करावा. अंबाडी कुजवायलाही साचलेले पाणी लागते. घायपाताला लागत नाही. त्याचे पान यंत्रात दाबून खरवडले की वाख निघतो, पण पानाच्या वजनाच्या जेमतेम तीन-चार टक्के. एक टन पानांतून तीस-चाळीस किलो. बांधावरच्या तुरळक घायपातावर कारखाना चालणार नाही, मुद्दाम लागवड करावी लागेल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मंगळवेढ्याच्या हवेचा एक फायदा मात्र कुणी मोजलेला दिसत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी इथली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, पारा बेचाळीसच्या पुढे जातो. अशा हवेत सावलीत पसरलेल्या वाखातली ओल पावसाळी हवेतल्यापेक्षा निम्म्याहून खाली येते. कोकणात याच कामासाठी भट्टी पेटवावी लागते. ओला तंतू रेझिनमध्ये घातला तर पॉलिएस्टर नीट आवळत नाही, बुडबुडे राहतात आणि सांधा जन्मतःच कच्चा राहतो. म्हणून वाखाच्या वस्तू इथे उन्हाळ्यात घडवाव्यात, पावसाळ्यात घडवायच्या असतील तर तंतू गरम खोलीत वाळवून लगेच वापरावा. दुसऱ्या बाजूला तोटाही याच हवेचा. पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरचा, तोही बेभरवशाचा, पण उन्हाळा आणि पावसाळा यांतली दरी खोल. सतत ओल्या ठिकाणी वस्तू एकदा फुगून स्थिरावते. इथे ती दर वर्षी फुगणार, दर वर्षी आक्रसणार. म्हणून नुसते पाण्यात बुडवून केलेल्या चाचण्या इथल्यासाठी अपुऱ्या आहेत. भिजवा-वाळवा असे फेरे करून, प्रत्येक फेऱ्यानंतर ताकद मोजणाऱ्या चाचण्या हव्यात, आणि अशा चाचण्या साहित्यात तुलनेने कमी आहेत. सोलापूर, पंढरपूर, सांगली भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर वर्षी नैसर्गिक तंतूंच्या कंपोझिटवर प्रकल्प होतात. त्यातले बहुतेक ताण आणि वाक यांची कोरडी चाचणी करून, फार तर २४ तास पाण्यात ठेवून संपतात. दोन पावसाळे महाविद्यालयाच्या गच्चीवर नमुने टांगून ठेवले आणि एकेक काढून तोडून पाहिले, तर त्याला खर्च जवळजवळ नाही आणि त्यातून मिळणारी माहिती जगात कुठेच तयार मिळणार नाही.

कडब्याचा विषय काढल्याशिवाय मंगळवेढ्याचा आढावा पुरा होणार नाही. चीनमध्ये ज्वारीच्या धाटांपासून फळ्या करतात, किरेई नावाने त्या बाहेरही विकल्या गेल्या आहेत आणि दिसायला देखण्या असतात. तेव्हा इथेही कडब्याचे बोर्ड करावेत, अशी सूचना अधूनमधून येते. मला ती पटत नाही. मालदांडीचा कडबा हा जनावरांचा वर्षभराचा घास आहे, आणि दुष्काळी साली धान्याइतकाच तो शेतकऱ्याला तारतो. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याचे कोठार खुले केले ही आठवण ज्या गावाची ओळख आहे, तिथे चारा कारखान्याच्या तोंडात घालण्याचा विचार करू नये. उसाच्या चिपाडाची गोष्ट वेगळी. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरला बगॅसपासून पार्टिकल बोर्ड करण्याचा कारखाना नव्वदच्या दशकात उभा राहिला, म्हणजे जिल्ह्याला हे तंत्र नवे नाही. मात्र बगॅसमध्ये राहिलेली साखर आणि मऊ गर पाणी ओढतात, गर आधी चाळून काढावा लागतो. कपाटाच्या आत हा बोर्ड वर्षानुवर्षे टिकतो, स्वयंपाकघरातल्या मोरीखाली नाही.

बुरशी आणि वाळवी यांनाही विसरून चालत नाही. ओल वीस टक्क्यांपुढे गेली आणि तशीच राहिली की लाकडाप्रमाणे वाखालाही बुरशी धरते. रेझिनच्या आत पूर्ण झाकलेला तंतू सुरक्षित असतो, उघडी टोके नाहीत. इथेही मुद्दा पुन्हा कडेशीच येतो.

म्हणून वाख कुठे वापरावा याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. घराच्या आतले दरवाजे, छताखालच्या फळ्या, शाळेची बाके, बसगाड्यांचे आतले पत्रे, पेट्या, यंत्रांची आवरणे ही त्याची कामे. न्हाणीघराच्या दाराला मिश्र थरांचे कंपोझिट चालेल, पण कडा बंद असतील तरच. पाण्याच्या टाक्या, जमिनीत गाडायचे नळ, गच्चीवर कायम उन्हापावसात राहणारे पत्रे यांत शुद्ध वाख आज तरी घालू नये. तिथे काचच बरी, आणि तीही चांगल्या रेझिनमधली. वाखाचा अभिमान म्हणून त्याला नको त्या जागी लावले आणि दोन वर्षांत तो फुगला, तर पुढची वीस वर्षे त्याला कुणी हात लावणार नाही. अंबाडीचे तास आणि घायपाताचे बांध पुन्हा कामाला यावेत असे ज्यांना वाटते त्यांनीच ही काळजी जास्त घ्यायला हवी.

दरवाजा किंवा पत्रा घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात : रेझिन कोणते आहे, पाणी शोषणाचा आकडा २४ तासांचा आहे की पूर्ण भिजल्यावरचा, आणि भिजल्यावर ताकद किती उरते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळणार नाही, तरी विचारावा. गिऱ्हाईक विचारू लागले की कारखाने मोजू लागतात. आणि दार बसवताना मिस्त्री कुलपाला, कडीला, बिजागरीला भोके पाडतो, खालची कड घासून बेतात आणतो, तेव्हा जवळ उभे राहून त्या प्रत्येक भोकाच्या आतून आणि कापलेल्या कडेवरून रेझिनचा हात फिरवून घ्यावा. काम पाच-दहा मिनिटांचे आहे, आणि दार वाखाचे असो की काचेचे, ते करून घ्यायचेच.